टोपलीचं वजन

१० मार्च १९५७, रविवार. सकाळी आठच्या सुमारास विमा कंपनीचे निरीक्षक प्रभाकरराव हिंगणघाटात हरिदासच्या अंगणात आले, बाजेवर बसले आणि त्यांनी पहिलाच प्रश्न टोपलीचा केला.

"माघ पौर्णिमेला तुम्ही डोक्यावर घेऊन गेलात, त्या टोपलीचं वजन किती होतं?"

हरिदासने हाताविषयीच्या प्रश्नांची तयारी केली होती. कापसाची सरकी काढणाऱ्या जिनच्या यंत्राचा पट्टा तुटून उजवा हात आत ओढला गेला, त्याला आता चार महिने होत होते. तेव्हापासून जो कोणी आला त्याने हातच पाहिला. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात कोपर उघडून लोखंडी पट्टी बसवली, ती जागा दाखवायची त्याला सवय झाली होती. पट्टी काढायला उन्हाळ्यात दुसरं ऑपरेशन, तोवर ओझं उचलायचं नाही, उचललं तर कोपर आहे तिथेच कायमचं अडकेल, हे डॉक्टरचं म्हणणंही त्याला पाठ होतं. टोपलीचं उत्तर मात्र त्याच्याकडे नव्हतं.

"कोन्ती टोपली?"

"देवांची."

दारात सूप घेऊन बसलेल्या हरिदासच्या आईचा, सीताबाईचा, हात थांबला आणि पुन्हा चालू झाला.

प्रभाकररावांनी पाणी मागितलं. हरिदासच्या बायकोने, पंचफुलाने, तांब्या आणला. ते प्यायले, आणि या वस्तीतलं पाणी ते प्यायले हे तिने लक्षात ठेवलं. कपाळावरचा घाम पुसून ते म्हणाले, "हे बघा, मी नागपूरहून पहाटेच्या गाडीने आलो ते तुमचा पगार तोडायला नाही. दर अर्ध्या महिन्याला मिळणारी भरपाई कंपनीने थांबवली आहे, ती का, हे तुम्हाला कोणी सांगितलं का?"

"जिनच्या हापिसात सांगतलं, हात बरा झाला म्हनून."

"बरा झाला हे कोणी ठरवलं?"

"ते नाई सांगतलं."

"तुमच्या जिनच्या वजनकाट्यावर रूपराव आहेत. त्यांनी पौर्णिमेच्या दिवशी फाटकातून मिरवणूक पाहिली. त्यांचं म्हणणं, तुम्ही अर्ध्या मणाचं ओझं डोक्यावर घेऊन वणा नदीपर्यंत चालत गेलात. वीस शेर. एक शेर इकडे नाही, एक शेर तिकडे नाही."

पंचफुला आतूनच बोलली, "तराजू घेऊन उभा होता काय तो?"

"बाई, बैलबंडीतला कापूस ते दुरून सांगतात म्हणे."

"लग्नात नवरीचंही वजन सांगत राह्यते. मार खाल्ला एकदा वरबापाच्या हातचा."

प्रभाकरराव हसले. हरिदास हसला नाही. जिनच्या शेठचा निरोप त्याला कालच मिळाला होता: हात बरा झाला असेल तर सोमवारी भोंग्याला हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. भरपाई चालू राहिली तरच सोमवारी न जाता उन्हाळ्यापर्यंत थांबता येणार होतं. गेलं तर कापसाचे बोजे उचलायचे, आणि मग कोपर.

एवढ्यात शेजारच्या घरातून चिंधू आला. हा हरिदासचा थोरला भाऊ. गिरणीत मागावर काम करायचा आणि वस्तीच्या पंचमंडळाचा चिटणीस होता. ऑक्टोबरात नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेल्यांना परत आणणाऱ्या बैलबंड्या त्यानेच ठरवल्या होत्या. घरोघरचे देव टोपलीत घालून नदीला सोडायचे हेही त्याच्याच तोंडून ठरलं होतं, आणि सोबत एक नियम: ज्याच्या घरातले देव, त्याच्याच घरच्या माणसाने वाहून न्यायचे, आणि ज्याच्या घरी पुढे देव सापडतील, त्याच्या घरी पंचमंडळ पाऊल ठेवणार नाही.

"जय भीम, साहेब. मी याचा भाऊ. काय इचारून राह्यले?"

"टोपलीत काय होतं?"

"देव होते. दुसरं काय राहीन?" चिंधू कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "सात पिढ्यांचे दगडं. आमच्या घरचे सगळ्यात भारी. पुसा कोनालेही."

"म्हणजे वजन होतं."

"होतं ना! मी झेंडा घेऊन पुढं होतो, म्हनून याच्या डोक्यावर देले. पन उजवा हात नाई लावला यानं. गळ्यात झोळी होती हाताले. डाव्या हातानं टोपली धरली, अन् डोस्क्यावर नेली."

प्रभाकरराव थोडा वेळ चिंधूकडे बघत राहिले. चिंधूला वाटलं, आपण भावाची बाजू चांगली मांडली. प्रत्यक्षात त्याने कंपनीला हवं होतं ते दिलं होतं. ओझं वीस शेरांचं होतं याला आता घरचाच साक्षीदार मिळाला होता.

"नदीत ती टोपली वरून खाली कोणी घेतली?"

"यानंच उलटी केली."

"वीस शेरांची भरली टोपली, एका हाताने, डोक्यावरून?"

चिंधूचे हात कमरेवरून खाली आले.

"मी जिनवर जाऊन येतो," प्रभाकरराव उठत म्हणाले. "रूपरावांना विचारायचं आहे. संध्याकाळच्या गाडीने मला परतायचं आहे. त्याआधी तुमच्यापैकी कोणाला काही आठवलं, तर मी तिथेच आहे." जाता जाता ते दाराशी थांबले. सीताबाईच्या सुपातल्या जवारीकडे त्यांनी पाहिलं. "यंदाची का, आजी?"

"यंदाचीच," सीताबाई म्हणाली. तिने मान वर केली नाही.

*

पंचफुलाला टोपलीबद्दल जे माहीत होतं ते तिला जवारीने सांगितलं होतं.

घरात मातीची कोठी होती, पुरुषभर उंच. वरून धान्य भरायचं आणि तळाशी हात जाईल एवढ्या छिद्रातून काढायचं. पौर्णिमेनंतर आठवड्याने तिने जवारी काढायला छिद्रात हात घातला, तो कशाला तरी अडला. हात बाहेर आला तेव्हा बोटं लाल होती. तिने वास घेतला. तेल आणि शेंदूर. तिने बोटं राखेने घासली, छिद्रावर चिंधीचा बोळा बसवला आणि पुढे जवारी नेहमी वरून, शिडी लावून काढली. सासूने एकदाच विचारलं, शिडी काऊन लावून राह्यली? तिने सांगितलं, खालून दान्याले किडा लागला. दोघींनी तो विषय पुन्हा काढला नाही.

आता नवरा बाजेला टेकून बसला होता. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि हळू आवाजात विचारलं, "तुमी काऊन नाई बोलले?"

"काय बोलू?"

"हेच, का टोपली हलकी होती म्हनून."

हरिदासने तिच्याकडे पाहिलं. "तुले कोनं सांगतलं हलकी होती?"

"तुमी सांगा, होती का नोती?"

त्याने दारातल्या आईकडे नजर टाकली. मग म्हणाला, "मायनं टोपली डोस्क्यावर देली तवाच समजलं. दर दिवाळीले चुना माराच्या वक्ती मीच उचलून ठेवतो ना त्याईले. बाप गेला तवापासून. मले त्याईचा भार मानेत माहीत आहे."

"मंग?"

"मले वाटलं, माह्या हाताकडं पाहून मायनं त्याईले घरीच ठेवले असन. नंतर सोडन सवडीनं. असं वाटलं." त्याने डाव्या हाताने उजवं कोपर सावरलं. "पन सगळी वस्ती मान वाकवून चालून राह्यली होती. माह्यापुढच्या चंद्रभानचा तर नुसता घाम. मी एकटा ताठ गेलो असतो तं लोकं काय म्हनले असते? चिंधुजीच्या घरची टोपली रिकामी! म्हनून मी चाललो."

"कसे?"

"जसं त्याईचं वजन आहे, तसं."

पंचफुलाने कपाळावर हात मारून घेतला. "अन् त्या रूपरावनं तेच पाह्यलं!"

"तेच पाह्यलं."

"बापा! नाटकात काऊन नाई जात तुमी? जिनपेक्षा बरे पैसे भेटन."

तिला हसू आलं आणि रागही. हा माणूस स्वतःच्या मानेने स्वतःविरुद्ध साक्ष देऊन बसला होता. खरं सांगितलं तर भरपाई मिळेल; पण खरं सांगायचं म्हणजे देव घरात आहेत हे सांगायचं, आणि भासऱ्याने, म्हणजे थोरल्या दिराने, केलेला नियम भासऱ्याच्याच आईच्या दारात उभा करायचा.

"आत्याबाईले तुमी इचारा," ती सासूकडे पाहत म्हणाली.

"तू इचार. तुहं आनि तिचं पटते."

"पटते म्हनूनच नाई इचारत."

*

हे दोघे बोलत होते तेव्हा चिंधू मागच्या कुडापाशी उभा होता. त्याला सगळं ऐकू गेलं नव्हतं. 'हलकी' एवढा शब्द ऐकू आला होता आणि तो त्याला पुरेसा होता.

पौर्णिमेच्या दिवशी नदीत पहिला उतरलेला माणूस तोच होता. झेंडा वाळूत रोवून तो गुडघाभर पाण्यात उभा राहिला आणि एकेक टोपली रिकामी होताना त्याने पाहिली. दगड पडला की पाणी एक आवाज करतं. हरिदासने टोपली उलटी केली तेव्हा कवेलूचे, छपराच्या कौलांचे, चार तुकडे पडले, त्यांचा आवाज वेगळा होता. त्यामागून कुटार पडलं, तुरीचं, गुरांना घालतात ते, आणि ते बुडालं नाही. पिवळं कुटार पाण्यावर पसरलं आणि धारेबरोबर खाली निघालं. चिंधू दोन पावलं पुढे सरकला, पायाने पाणी ढवळलं आणि त्याने जयजयकार केला. वस्तीने मागून जोरात साद दिली. कोणाचं पाण्याकडे लक्ष गेलं नाही, असं त्याने मानून घेतलं होतं.

त्या दिवसापासून तो आईच्या घरात जेवला नव्हता. कारण कोणी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. घरात देव आहेत हे त्याला माहीत आहे असं एकदा झालं, की नियम त्याला पाळावा लागला असता. पाहिलंच नाही म्हटलं की नियम तसाच राहत होता.

तो आत आला. सीताबाई जवारी पाखडतच होती.

"माय, त्या साहेबाले काहीच सांगाचं नाई."

"मी कुठं सांगून राह्यली?"

"पंचफुले, तुही नाई. हरिदास, तू तं बोलतच नाई, तसाच राह्य. मी उद्या शेठले भेटतो. पंचमंडळाकडून वर्गनी काढू. दोन महिने निघन."

हरिदास म्हणाला, "दादा, वर्गनी कोन्त्या तोंडानं घेऊ? टोपलीत कुटार नेलं, त्याची?"

हरिदासने 'कुटार' हा शब्द वापरला आणि भाऊ चकित झाला नाही, हे पंचफुलाने टिपलं.

"तुमाले माहीत होतं, दादाजी," ती म्हणाली. भासऱ्याशी ती सहसा थेट बोलत नसे.

"काय माहीत होतं?"

"कुटार. तुमी इचारलं नाई, कोन्तं कुटार म्हनून."

सूप थांबलं. चौघांनी आळीपाळीने एकमेकांकडे पाहिलं. महिनाभर या घरात प्रत्येकजण एकच गोष्ट दुसऱ्यापासून जपत होता, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच आहोत.

आधी सीताबाई हसली. तोंडात दात थोडे होते, त्यामुळे हसू वाऱ्यासारखं निघालं. "बाप्पा! म्हंजे मी एकटीच मूर्ख. राती राती झोप नाई मले, का कोनाले समजलं तं."

"माय, हसू नको," चिंधूचा आवाज चढला. "वस्तीले मी काय तोंड दाखवू? वस्तीतल्या तुकाबाईच्या हातून तिच्या सासऱ्याच्या नावाचे पत्र्याचे टाक घेऊन नदीत टाकले मी. रडून राह्यली होती ते. मी म्हनलं, रडू नको, नुसता पत्रा आहे. अन् माह्याच घरी? तुनं दीक्षा घेतली ना? बावीस प्रतिज्ञा म्हनल्या ना मोठ्यानं?"

"म्हनल्या. आजही म्हनते. पुस कोन्ती पाह्यजे ते."

"मंग देव काऊन ठेवले?"

"म्या देव नाई ठेवले."

"मंग कोठीत काय आहे?" हे पंचफुलाने विचारलं.

सीताबाईने सूप बाजूला ठेवलं. मांडीवरची टरफलं झटकली. ती सांगत होती ते मुलांना तुटक माहीत होतं, कोणी एका दमात ऐकलं नव्हतं. चिंधूच्या आधी दोन आणि हरिदासच्या आधी एक, अशी तीन लेकरं गेली. दोन तापाच्या साथीत, एक नाव ठेवायच्या आधी. प्रत्येक वेळी तिने वणेच्या वाळूतून एक गोटा आणला आणि देवांच्या ओळीत ठेवला. पूजेला नव्हे. एकटं कुठे बसेल, म्हणून. तिच्या सासूने पाहिलं आणि राहू दिलं. मग दर सणाला सगळ्यांना मिळूनच तेल-शेंदूर लागला. वर्षांमागून वर्षं. शेंदराचे थर चढत गेले, तेलाने धरले, आणि मरीमाय, भवानी, सासरचे पितर आणि तीन गोटे यांचा एकच गोळा झाला.

"मरीमायले मी हसत नदीत सोडलं असतं," ती म्हणाली. "तिनं माह्यासाठी काय केलं? साथीत तिले कोंबडं देलं अन् तीन दिवसांत पोरगी गेली. पन ते निघतच नाई ना. त्या दिवशी पहाटे विळ्यानं खरवडून पाह्यलं. कोन्ता माहा अन् कोन्ता देव, समजतच नाई. फोडावं तं कोनावर घाव पडन? म्हनून कोठीत लोटलं. मंग नवी जवारी भरली वरून."

चिंधू भिंतीला टेकून खाली बसला. नदीच्या पाण्यात उभं राहिल्यापासून ज्याच्यावर तो महिनाभर रागावला होता, त्यात त्याचीच तीन भावंडं होती. पण नियम त्याने सगळ्यांना सांगितला होता. तुकाबाईलाही.

"मले आधी सांगाचं होतं."

"तू ऐकलं असतं? तू तं झेंडा शिवून राह्यला होता."

मग हरिदास म्हणाला, "माय, हात माहा आहे. नाई सांगाचं म्हनत असशीन तं नाई सांगत. उद्या जातो जिनवर."

"अन् कोपर?"

"जाईन तं जाईन."

सीताबाई उठली. कोठीपाशी गेली, तळाच्या छिद्रातला चिंधीचा बोळा उपसला आणि बाजूला फेकला. जवारी जमिनीवर सांडायला लागली. पंचफुला धावली, पोतं आणलं, परात आणली. तरी अर्धं घर जवारीने भरलं. धान्य ओसरलं तशी आत लाल पाठ दिसू लागली. छिद्र लहान होतं. चिंधूने मुसळाने छिद्राच्या कडेची माती फोडली. दोन घाव घालून तो थांबला, आईकडे पाहिलं, आणि मग हळूहळू, गोळ्याला लागणार नाही अशा बेताने, फोडू लागला.

*

दुपारी एकनंतर वस्तीच्या गल्लीतून जिनकडे जी मिरवणूक निघाली तिला कोणी बोलावलं नव्हतं. पुढे चिंधू, डोक्यावर टोपली. तीत झाकण न घातलेला लाल गोळा. मागे सीताबाई. त्यामागे हरिदास आणि पंचफुला. पंचफुलाच्या काखेत दुसरी टोपली, रिकामी. टोपली मीच नेणार, हे चिंधूने घरीच सांगितलं होतं. नियमच तसा होता, घरच्या माणसाने वाहायचं. कापड झाकू म्हणून पंचफुला म्हणाली, तर तो म्हणाला, "झाकून नेलं तं पुन्हा तेच झालं."

निवडणुकीचे कागद लावलेल्या भिंतींपाशी लोक उभे राहिले. तुकाबाई दारात आली. तिने टोपलीत पाहिलं, चिंधूच्या तोंडाकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं. चंद्रभान मागून चालू लागला. "चिंधुजी, हे काय होय?" चिंधू म्हणाला, "मंगळवारी बैठकीत सांगतो. सगळ्यांले बलावजो." आणि चालत राहिला.

जिन रविवारी बंद होता. काट्याच्या खोलीत रूपराव आणि प्रभाकरराव बसले होते. प्रभाकररावांनी सगळं ऐकलं. चिंधू, हरिदास, पंचफुला, सगळ्यांना त्यांनी वेगवेगळं विचारलं. गोळ्याभोवती ते दोनदा फिरले. शेंदरात जवारीचे दाणे रुतून बसले होते, नदीचा गाळ कुठेच नव्हता. त्यांनी एक दाणा नखाने काढून पाहिला. त्यांना या कामात आता मजा येऊ लागली होती, आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही.

"तोला," ते म्हणाले.

रूपरावने गोळा तराजूत चढवला. वजनं ठेवली, एक काढलं, दुसरं ठेवलं. काटा स्थिर झाला.

"वीस शेर." त्याचं तोंड उजळलं. "पाहा साहेब! म्हनलं होतं ना मी? एक शेर इकडे नाई का तिकडे नाई."

"पण हे तर टोपलीत नव्हतंच, रूपराव."

"टोपलीत नसन. मानेत होतं." रूपराव हरिदासकडे वळला. "मान पाह्यली मी. मान खोटं नाई बोलत."

"आमच्या याईची बोलते," पंचफुला म्हणाली आणि काखेतली टोपली पुढे केली. "पाठ करा तिकडं, रूपरावजी."

रूपरावने प्रभाकररावांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. पंचफुलाने रिकाम्या टोपलीवर कापड घातलं आणि ती नवऱ्याच्या डोक्यावर ठेवली. हरिदासने डाव्या हाताने काठ धरला. उजवा झोळीत होता. मग तो आवारातून चालू लागला, कापसाच्या ढिगांपासून फाटकाकडे. मान किंचित आत, खांदे खाली, पाऊल टाकण्याआधी अंगठ्याने जमीन चाचपून. सीताबाई बघत राहिली. त्याचा बाप असाच चालायचा, दिवाळीच्या चुन्याच्या दिवशी.

"पाहा आता," पंचफुला म्हणाली.

रूपराव वळला. बराच वेळ पाहिलं. "वीस," तो म्हणाला. मग, जरा कमी आवाजात, "उगाच म्हनून नाई राह्यलो. वीसच."

पंचफुलाने टोपली उतरवून कापड ओढलं. टोपलीचा तळ दिसला. चंद्रभान जोरात हसला आणि कोणीच हसत नाही हे पाहून थांबला. रूपराव टोपलीत वाकून पाहत राहिला, मग बाहेर जाऊन चिलीम पेटवायला लागला.

"झालं ना, साहेब?" चिंधूने विचारलं. "ओझं नोतं. म्हंजे हात बरा नाई."

प्रभाकररावांनी वही उघडली.

"ओझं नव्हतं, हे मी लिहीन," ते म्हणाले. "मला ते पटलं आहे. पण माझे साहेब मला एक विचारतील, आणि मी त्यांच्या जागी असतो तर मीही विचारलं असतं. जो माणूस रिकामी टोपली इतकी भरलेली दाखवू शकतो, तो बरा झालेला हात इतका अधू दाखवू शकत नाही कशावरून?"

हरिदासने टोपली पायाने बाजूला सारली. "मंग मी काय करू? पट्टी काढून दाखवू?"

"ते डॉक्टर बघतील. वर्ध्याला भरपाईच्या अधिकाऱ्यांपुढे जावं लागेल. दुसरा डॉक्टर तपासेल, जिनचाही नाही आणि तुमचाही नाही. तोवर भरपाई थांबलेली राहील. शेठला मी आज चिठ्ठी देतो की प्रकरण चालू आहे. जागा राखतीलच असं मी सांगू शकत नाही." ते सीताबाईकडे वळले. त्यांचा आवाज बदलला. "आजी, हा गोळा मला पुराव्याला लागेल. इथेच ठेवतो, सील करून. निकाल लागेपर्यंत."

"वापस भेटन?"

"मिळेल."

"फोडनार तं नाई कोनी?"

"नाही. तसं लिहितो."

सीताबाईने विचार केला. मग म्हणाली, "पाठ टेकून ठेवजा भिंतीले. लोळते ते."

लाखेचा वास खोलीत पसरला. गोळ्याला सुतळी बांधली आणि गाठीवर कंपनीचा शिक्का बसला. संध्याकाळच्या गाडीने प्रभाकरराव गेले.

जाण्याआधी त्यांनी वर्ध्याची तारीख २ एप्रिल अशी सांगितली आहे. पंचमंडळाची बैठक मंगळवारी आहे. चिंधूने चिटणीसपदाचं काय करायचं ते बैठकीवर सोडलं आहे, आणि तुकाबाई येणार असल्याचं चंद्रभान सांगतो. रविवारी रात्री चिंधू आईच्या घरी जेवला. सोमवारी भोंगा वाजला तेव्हा हरिदास अंगणात बसून होता. त्याच्या जागेवर त्या दिवशी कोणी दुसरा उभा राहिला नाही. शेठने ठरवलं आहे की नुसतं लांबवलं आहे, हे कळलेलं नाही.

सोमवारी सकाळी रूपरावने काट्याची खोली उघडली तेव्हा सील शाबूत होतं. उंबऱ्याबाहेर सीताबाई बसली होती. तिने आत येऊ द्या असं म्हटलं नाही. गोळा तिला दिसेल असं रूपरावने दार उघडंच ठेवलं आणि कापसाच्या बंड्या तोलायला घेतल्या.